आधी गाणी स्वतःच्या नावावर ठेव

वाचकाचं पत्र : ताई, मी कोल्हापूरचा, वय २४. बीकॉम झाल्यावर एका गाड्यांच्या शोरूममध्ये अकाउंट्सला लागलो. शनिवार-रविवारी हायवेवरच्या हॉटेलात ट्रॅकवर गातो, सगळ्या फर्माईशी, बहुतेक किशोरकुमार. कॉलेजात एकांकिका केल्या, अभिनयाचं बक्षीसही मिळालं. स्वतः लिहून चाली लावलेली अकरा गाणी आहेत, पण ती मित्रांपलीकडे कुणी ऐकलेली नाहीत, बाबांनीसुद्धा नाही. आता एक म्युझिक कंपनी सहा गाणी त्यांच्या खर्चानं रेकॉर्ड करून द्यायला तयार आहे, पण करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी कंपनीकडे’ असं आहे. त्याच वेळी एका मराठी मालिकेत नायकाच्या मित्राचं काम आलंय, मुंबईत, महिन्याला वीस-बावीस दिवस. बाबा शिक्षक आहेत, म्हणतात हौस म्हणून कर, नोकरी सोडू नकोस. ‘वन्स’ हा रस्त्यावर गाणाऱ्या तरुणाचा आयरिश सिनेमा पाहिल्यापासून मी त्यातल्या नायकाचा, गायक ग्लेन हॅन्सर्डचा भक्त आहे. त्यानं तेराव्या वर्षी शाळा सोडून रस्त्यावर गायला सुरुवात केली. मी चोविसाव्या वर्षी व्हाउचर लावतोय. मला उशीर झालाय का? गाणं धरू की अभिनय?

प्रिय मित्रा,

कराराचं आधी सांगते, कारण ते लोक उत्तरासाठी तुझ्या मागे लागले असणार. आहे तसा त्यावर सही करू नकोस. का, ते खाली सविस्तर लिहिते. पण त्याआधी हॅन्सर्डबद्दल बोलू या. त्याची गोष्ट तुझ्या मनात अर्धीच बसली आहे आणि त्या अर्ध्या गोष्टीवरून तू स्वतःला रोज कमी लेखतो आहेस, हे मला पत्रभर जाणवत राहिलं.

ग्लेन हॅन्सर्ड १९७० साली डब्लिनमध्ये जन्मला आणि बॅलिमन भागात वाढला. शहराच्या उत्तरेला साठच्या दशकात सरकारनं गरिबांसाठी बांधलेली ही वसाहत. तिथे पंधरा-पंधरा मजल्यांचे सात टॉवर होते. ते टॉवर पुढे पाडून टाकले. अशा ठिकाणच्या मुलानं तेराव्या वर्षी शाळा सोडली, हे खरं. पण त्यानं मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी की, मुख्याध्यापकांनीच त्याला हा मार्ग दाखवला होता. अभ्यासात लक्ष नाही, जीव गिटारमध्ये आहे, तर मग तळापासून सुरुवात कर, रस्त्यावर वाजव, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे ते घरातून पळून जाणं नव्हतं. एका मोठ्या माणसानं त्याला नीट पाहिलं होतं आणि शिकण्यासाठी एक जागा दाखवली होती.

ती जागा म्हणजे ग्राफ्टन स्ट्रीट. डब्लिनच्या मध्यावरचा, गाड्यांना बंदी असलेला बाजाररस्ता. एका टोकाला सेंट स्टीफन्स ग्रीन ही बाग, दुसऱ्या टोकाला ट्रिनिटी कॉलेज. तिथे उभं राहून गाणाऱ्यासमोर खुर्च्यांवर बसलेले प्रेक्षक नसतात. समोरून जाणारा माणूस खरेदीला निघालेला असतो आणि त्याला थांबवायला गाणाऱ्याकडे एखादी ओळ असते. ती ओळ लागली नाही तर तो निघून जातो, आणि संध्याकाळी गिटारच्या पेटीत किती नाणी पडली ते स्पष्ट दिसतं. हॅन्सर्डच्या गाण्यात कुजबुजीवरून एकदम गळा फाडून ओरडण्यापर्यंत जाणारा जो चढ आहे, तो मला तरी त्या रस्त्याची देणगी वाटतो. त्याची ती ताकामिने गिटार तू पाहिली असशीलच. आवाजाच्या गोल भोकाखाली लाकडाला आणखी एक भोक पडलंय, कडा वेड्यावाकड्या, पॉलिश उडून आतलं कच्चं लाकूड उघडं. तारा छेडायची पट्टी, म्हणजे प्लेक्ट्रम, वर्षानुवर्षं त्याच जागी घासून ते पडलं. अशी गिटार विकत मिळत नाही.

आता तुझ्या पत्रात नसलेला भाग. १९९० मध्ये त्यानं ‘द फ्रेम्स’ हा बँड काढला. जवळपास त्याच सुमारास दिग्दर्शक अ‍ॅलन पार्कर ‘द कमिटमेंट्स’ या सिनेमासाठी डब्लिनमधल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या तरुण पोरांना शोधत होते. हॅन्सर्डला त्यात आउटस्पॅन फॉस्टर या गिटारवाल्याचं काम मिळालं. सिनेमा १९९१ मध्ये आला आणि गाजला. विशीतल्या मुलाला एवढं मोठं पदार्पण! तरीही त्यानं पुढे अनेकदा सांगितलं की, ते काम घेतल्याचा त्याला पस्तावा झाला, कारण त्यामुळे संगीतावरून लक्ष उडालं. लोकांच्या लेखी तो त्या सिनेमातला पोरगा झाला होता. त्याची स्वतःची गाणी अजून कुणाच्या ओठांवर नव्हती, त्यामुळे त्या भूमिकेच्या नावाशी टक्कर देईल असं दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच.

त्यानंतरचा काळ लांब आहे आणि सिनेमात घालण्यासारखा अजिबात नाही. आयलंड या मोठ्या कंपनीनं बँडशी करार केला, तो टिकला नाही. मग झेडटीटी ही दुसरी कंपनी. तेही फार काळ जमलं नाही. २००१ मध्ये ‘फॉर द बर्ड्स’ हा अल्बम त्यांनी स्वतःच्या ‘प्लॅटो’ या लेबलवर काढला. आयर्लंडमध्ये गावोगाव, सभागृहं छोटी असोत की मोठी, ते वाजवत राहिले. ऐकणारे लोक एकेक करून जमले आणि टिकले. २००४ मध्ये ‘बर्न द मॅप्स’ हा अल्बम आयर्लंडच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बँड सुरू होऊन तोवर चौदा वर्षं झाली होती आणि हॅन्सर्ड ३४ वर्षांचा होता. देशाबाहेर त्याला ओळखणारे तेव्हाही थोडेच होते.

म्हणून ‘उशीर झालाय का’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. त्याचं तेरावं वर्ष आणि तुझं चोविसावं वर्ष शेजारी ठेवून पाहू नकोस. त्याचं विसाव्या ते चौतिसाव्या वर्षापर्यंतचं आयुष्य पाहा. तुझं ते अजून सुरूच व्हायचंय.

‘वन्स’बद्दल तुला बरंच ठाऊक आहे, पण काही गोष्टी तुझ्या निर्णयाच्या दृष्टीनं पुन्हा सांगते. दिग्दर्शक जॉन कार्नी हा ‘द फ्रेम्स’चाच जुना बास गिटारवादक. त्यानं हॅन्सर्डला बोलावलं ते फक्त गाणी लिहायला. नायकाचं काम किलियन मर्फी हा आयरिश नट करणार होता. तो बाहेर पडला, त्याच्याबरोबर पैसेही आटले, तेव्हा ज्याची गाणी आहेत त्यानंच ती गायची असं ठरलं. उरल्या सुमारे १,३०,००० युरोत, आणि त्यातला मोठा भाग आयरिश फिल्म बोर्डाचा, सतरा दिवसांत सिनेमा चित्रित झाला. रस्त्यावरचे प्रसंग लांबून, मोठ्या लेन्सनं टिपले, येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कित्येकांना शूटिंग चालू असल्याचा पत्ताही नव्हता. घरातल्या गाण्याच्या मैफलीचा प्रसंग हॅन्सर्डच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये घेतला आणि त्यात गाणारी एक बाई त्याची सख्खी आई आहे. नायिका मार्केता इर्ग्लोवा ही चेक मुलगी, तिच्या वडिलांनी हॅन्सर्डला आपल्या गावच्या महोत्सवात बोलावलं होतं तेव्हापासूनची ओळख. म्हणजे अभिनय दुसऱ्यांदा त्याच्याकडे आला तो त्याच्या गाण्यांच्या मागून, त्याच्या माणसांमधून. १९९१ मध्ये तो दुसऱ्याच्या गोष्टीत गेला होता, इथे त्याच्या गाण्यांभोवती गोष्ट बांधली गेली. २००८ च्या फेब्रुवारीत त्याला आणि मार्केताला ‘फॉलिंग स्लोली’साठी ऑस्कर मिळालं, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

त्या ऑस्करमागे कागदाची एक भानगड होती, ती तू लक्षात ठेवावीस. सिनेमा लोकांपर्यंत पोहोचण्याआधीच ते गाणं अल्बमवर आलं होतं, एका चेक सिनेमातही वाजलं होतं. त्यामुळे ते मुळात ‘वन्स’साठीच लिहिलंय का, असा प्रश्न निघाला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संगीत समितीनं चौकशी केली आणि गाणं सिनेमासाठीच लिहिलं गेल्याची खात्री झाल्यावर नामांकन कायम ठेवलं. गाणं कधी, कशासाठी, कुणी लिहिलं हे दाखवता येणं किती महत्त्वाचं असतं, ते यावरून कळतं. तुझ्या अकराही गाण्यांची आजच फोनवर साधी रेकॉर्डिंग कर, शब्द टाइप कर आणि ते स्वतःलाच ईमेल करून ठेव. तारीख आपोआप पडते. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, गाणं लिहून झालं की हक्क तुझाच असतो. पण वाद झाला की पुरावा लागतो.

आता करार. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर बराच संघर्ष केला. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. त्यात निम्मा वाटा तुझा राहतो आणि तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. कंपनीनं म्हणूनच ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द मुद्दाम घातलेत. तुझ्या गाण्यांवरचा हक्क तू असेपर्यंत आणि तुझ्यामागे साठ वर्षं चालणार आहे. सहा गाण्यांच्या स्टुडिओभाड्यापायी एवढं सगळं देऊन टाकायचं?

माझ्या मते त्यांना तू असं विचारावंस : रेकॉर्डिंग तुमच्या नावावर राहू दे, पण ठरावीक वर्षांपुरतं. शब्द आणि चाल माझ्या नावावर. मी ती गाणी कुठेही, केव्हाही गाऊ शकेन. हिशेब दर सहा महिन्यांनी लेखी मिळेल. यातल्या एकाही गोष्टीला ते नाही म्हणाले, तर सोडून दे. आणि सहाच्या सहा गाणी देऊ नकोस, पहिल्यांदा दोन पुरेत. घाईत नसशील तर दोन गाणी स्वतःच्या पैशानं कोल्हापुरातल्याच एखाद्या छोट्या स्टुडिओत कर आणि गाणी अ‍ॅपवर पोचवून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटर कंपनीमार्फत सगळ्या अ‍ॅपवर चढव, वर्षाची फी फार नसते. शिवाय आयपीआरएसचं सभासदत्व घे. गीतकार-संगीतकारांची ही सोसायटी १९६९ पासून आहे आणि गाणं कुठे वाजलं की रॉयल्टी गोळा करून सभासदांना देते. तू गीतकार आणि संगीतकार दोन्ही आहेस, तेव्हा दोन्ही नात्यांनी नाव नोंदव.

मालिकेचं काम मात्र तू घ्यावंस, असं मला वाटतं. हॅन्सर्डच्या पस्ताव्याची गोष्ट सांगून झाल्यावर हे विचित्र वाटेल, म्हणून कारण देते. तुला अभिनय मनापासून आवडतो. एकांकिकांबद्दल पत्रात जे लिहिलंयस ते वाचताना तुझं अक्षरसुद्धा मोकळं झालेलं दिसतं. मालिका ही शोरूमच्या जागी ठेव, गाण्याच्या जागी ठेवू नकोस. ती एक नोकरी आहे आणि आत्ताच्या नोकरीपेक्षा तुझ्या स्वभावाला जवळची. पडद्यावर दिसलो की लोक आपोआप माझी गाणी ऐकतील, या भरवशावर मात्र जाऊ नकोस, कारण नेमकं तेच हॅन्सर्डच्या बाबतीत झालं नाही.

जाण्याआधी दोन गोष्टी बघ. मालिकेच्या करारात बहुतेक वेळा एक कलम असतं की परवानगीशिवाय दुसरीकडे काम करायचं नाही. त्यातून तुझं स्वतःचं संगीत, कार्यक्रम आणि गाण्यांचं प्रकाशन वगळलंय असं लेखी घे. तोंडी कुणी काहीही कबूल करतं, पुढे तो माणूसच प्रॉडक्शन हाऊस सोडून जातो. दुसरं, पर डे, म्हणजे दिवसामागे ठरलेले पैसे हातात यायला नव्वद दिवस लागणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. शूटिंग सुरू होऊन तीन-चार महिने तुला मुंबईतलं भाडं, जेवण, लोकल हे सगळं खिशातून भरावं लागेल. अकाउंट्सचा माणूस आहेस, हिशेब तूच मांड. तेवढे पैसे साठलेले नसतील तर हे काम सोडलंस तरी त्यात कमीपणा नाही, पुढचं येईल.

इथे आयर्लंडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या सरकारनं २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायची योजना सुरू केली, त्यांना आपली कला करत राहता यावी म्हणून. ‘वन्स’लाही सरकारी फिल्म बोर्डाचाच आधार होता. आपल्याकडच्या पोराला असा आधार नाही, त्यानं तो पगारातून स्वतःच उभा करायचा असतो. तू व्हाउचर लावतोस म्हणून लाजतोस, ते मला पटत नाही. त्या पगारावर तुझी अकरा गाणी झाली. आणि तुझ्या आवडत्या सिनेमाचा नायकही वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करत असतो.

गाणं की अभिनय, हा प्रश्न कोल्हापूरच्या मुलानं विचारावा याचं मला नवल वाटलं. तुझ्या शहरातल्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते केशवराव भोसले दोन्ही होते. लहानपणापासून नाटक कंपनीत वाढले आणि १९०८ मध्ये, विशीही उलटलेली नसताना, ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर त्यांनी केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग अजून लोक सांगतात. त्याच वर्षी ते गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. गाणारा नट ही आपल्या मातीतली जुनी गोष्ट आहे, तुला कुणाची परवानगी नको.

खरी कमतरता मला दुसरीकडे दिसते. तुझी गाणी कुणी ऐकलेलीच नाहीत. ‘वन्स’च्या सुरुवातीला नायक दिवसा लोकांच्या ओळखीची गाणी गातो आणि रस्ता रिकामा झाल्यावर रात्री स्वतःची. ती मुलगी पेटीत दहा सेंट टाकते आणि विचारते, हे गाणं दिवसा का नाही म्हणत? तो सांगतो, लोकांना माहीत असलेलंच हवं असतं, नाहीतर पैसे मिळत नाहीत. तू त्याच जागी उभा आहेस. म्हणून येत्या शनिवारी हॉटेलात पाच फर्माईशींनंतर एक गाणं तुझं गा. मॅनेजरला आधी सांग. गाण्यापूर्वी माफी मागू नकोस, ‘हे माझं आहे’ एवढंच म्हण. टेबलांवरची माणसं जेवणाकडे वळली तर कुठल्या ओळीला वळली ते बघ आणि रविवारी ती ओळ बदलून पुन्हा गा. मुंबईला जाईपर्यंत हा तुझा ग्राफ्टन स्ट्रीट. तिथे गेल्यावर सुट्टीच्या दिवशी ओपन माइकला, म्हणजे कुणालाही मंचावर गाता येतं अशा कार्यक्रमाला जा, मराठी गाणी घेऊनच जा.

राहिले बाबा. ते हौस म्हणतात, कारण त्यांनी काही ऐकलेलंच नाही. त्या सिनेमातला नायक शेवटी स्वतःच्या गाण्यांची टेप वडिलांना ऐकवतो, तेव्हाच त्या दुकानदार म्हाताऱ्याला पोरगा काय करतो ते कळतं. तू दोन गाणी त्यांच्यासमोर बसून म्हण, फोनवर लावून देऊ नकोस. मग दोन्ही करार त्यांच्या हातात दे आणि लाल पेन घेऊन वाचायला सांग. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस आहे, ‘कायमस्वरूपी’ हा शब्द त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. त्यांच्या खुणा झाल्या की एखाद्या वकिलाला दाखव, थोडी फी गेली तरी जाऊ दे. म्युझिक कंपनीला उत्तर फोनवर न देता ईमेलनंच पाठव.

तुझी,
ताई